कच्च्या पोटाचा सांधा

तोताआबा कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आधी लोखंडी पलंगाखाली शिरत. खिशातली छोटी हातोडी काढून पायाच्या सांध्यावर टक् करत आणि कान लावून ऐकत. एकदा पुतणीच्या होणाऱ्या सासरी, भर बैठकीत, "हाऊ सांधा फक्त रंगवर टिकेल शे," असं जाहीर करून ते बाहेर आले. वर नवरदेव बसला होता. लग्न कसंबसं पार पडलं. आबांना मांडवात कुणी बोलावलं नाही.

जळगावच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसमध्ये ते वेल्डर होते आणि मी हजेरी कारकून. लढाईचे दिवस. नवं लोखंड दिसत नव्हतं, मोडेल ते जोडायचं. पण आबांचं जोडणं म्हणजे सोयरीक जमवणं. आधी गंज खरवडायचा, वेल्डिंगचे रॉड चुलीपाशी सुकवायचे, मग रद्दी तुकड्यावर करंट लावून पाहायचा. तो तुकडा स्वतःच घण घालून मोडायचा, आतून बघायचा, आणि मग कामाला हात.

"वेल्डिंग म्हंजे भाकर शे, भाऊ," ते मला सांगत. "तवा थंडा, तर कच्ची. तवा लाल, तर वरतून करपस नि पोटमा पीठ." करंट कमी पडला तर धातू नुसता वर बसतो, जास्त झाला तर कडा खातो, हात पळवला तर सांधा उपाशी राहतो. हे मला झोपेतही पाठ होतं.

मॅनेजरसाहेबांना नव्हतं. "आबा, कापसाच्या गाठी थांबत नाहीत," ते म्हणत. ऐन हंगामात रुईच्या गाठी उचलणाऱ्या कप्पीचा आडवा गज तुटला. आबांनी दोन दिवस मागितले. साहेबांनी बाहेरचा मिस्त्री आणला. त्याने करंट चढवला, हात पळवला आणि तासाभरात चकचकीत सांधा घालून दिला. आबांनी हातोडी मारून ऐकलं.

"पोट कच्चं शे."

"तुमचं तोंड कडू आहे," साहेब म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. आबांनी हातोडी खिशात टाकली आणि तडक घरी निघून गेले.

तिसऱ्या दिवशी गज तुटला. खाली जिनमधली मजूर गिरजाअक्का कापूस झाडत होती. गाठ तिच्या पायावर पडली.

चौकशीसाठी साहेबांनी कागद तयार ठेवला होता : सांधा तोताराम वेल्डरने घातला. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. मला त्याच महिन्यात कायम करायचं चाललं होतं. मी सही केली. आबांना काढलं, मला कायम केलं. साहेबांनी पेढे दिले. मी ते खाल्ले, हेही सांगून टाकतो.

महिन्याभराने धीर करून आबांकडे गेलो. दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "अक्काकडे असतील. रोजच असतात."

गिरजाअक्काच्या ओट्यावर आबा परातीत ज्वारीचं पीठ मळत बसले होते. आत अक्का खाटेवर पडून ओरडत होती, "पानी जास्ती व्हयनं, आबा!" कुणीतरी आपल्यावर ओरडतंय, याचं त्यांना बरं वाटत असावं, चेहरा तसाच होता. बायको जाऊन बारा वर्षं झालेला माणूस.

मी पायाशी वाकलो. "आबा, चुकलो. सांधा तुमचा नव्हता हे मला माहीत होतं."

"माले बी माहीत व्हतं, भाऊ," ते पिठाकडेच बघत म्हणाले. "कच्चा शे हाई माले माहीत व्हतं. कप्पीखाल उभं ऱ्हावाले पाहिजे व्हतं, गाठ उचलू देवाले नको व्हती. साहेब हसना नि मी घर जाई बसनू."

त्यांनी परातीत मूठभर कोरडं पीठ टाकलं.

"तू सही करी, मी रुसी बसनू. पाय तिना गया."

आतून अक्काने विचारलं, "कोन शे?"

आबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "जिनमाधला शे," ते म्हणाले. "तुले पाहाले उना." आणि पीठ लागल्या हातानेच त्यांनी मला आत जायची खूण केली.