लाल टॉवेलची योजना

"काहीही होऊ दे, उद्याचं माझं प्रेझेंटेशन थांबणार नाही!" नियोजनरावांनी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. पाण्याचा ग्लास कलंडला. पण तो कलंडणार हे त्यांनी आधीच गृहीत धरलेलं होतं. फडकं शेजारीच तयार होतं!

नियोजनराव हे नाव मेव्हण्याने ठेवलेलं. मूळचे हे व्हॉल्व्हच्या कारखान्यातले साधेसुधे इंजिनियर. नोकरी सांभाळून इंजिनियरिंग मॅनेजमेंटची मास्टर्स करायला घेतली आणि माणूस पार बदलून गेला. चहा उकळायला लागला तरी "ही प्रोसेस लवकर कशी होईल?" म्हणून गॅसपाशी उभे राहू लागले. कारखान्यात नियोजन विभागाच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी होती. "पदवी आणा आणि बसा," असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. आता मध्ये होती फक्त शेवटची तोंडी परीक्षा, तीही घरबसल्या, ऑनलाइन. विषय होता जोखीम व्यवस्थापन, म्हणजे संकट यायच्या आधीच त्याचा बंदोबस्त करून ठेवण्याची विद्या!

त्यांनी लगेच घरच्यांना कामं वाटली.

"बाबा, वीज तुमच्याकडे. मेन स्विच बंद करायचा आणि बाल्कनीतला जनरेटर चालू करायचा."

"चालू करतो की! असा धडाडून सोडतो बघा!" सासरे म्हणाले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी एवढं महत्त्वाचं काम दिलं नव्हतं.

"इंटरनेट तुझ्याकडे," ते मेव्हण्याला म्हणाले. "मोबाइल घेऊन आत यायचं, लॅपटॉपला जोडून द्यायचा. पण कॅमेऱ्यात दिसायचं नाही."

"रांगत येतो भाऊजी!"

"आणि मी?" बायकोने विचारलं.

"तू आग. पाण्याची बादली भरून ठेव."

"आणि आम्हाला कळणार कसं, काही झालंय ते?"

नियोजनराव याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी पिशवीतून नवाकोरा लालभडक टॉवेल काढला. "काही बिघडलं की मी हा खोलीच्या दारावर टाकणार. टॉवेल दिसला की कोणीही काही विचारायचं नाही. विचारण्यात वेळ जातो. सरळ कामाला लागायचं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नियोजनराव आनंदाने नुसते उड्या मारत होते. घाईघाईने अंघोळ उरकली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि दार लावून लॅपटॉपसमोर बसले. पडद्यावर परीक्षक मॅडम आल्या, शेजारी एक गंभीर चेहऱ्याचे सर.

सुरुवात अशी झोकात झाली म्हणता! "मॅडम, संकट आलंच तर 'का?' असं विचारत जायचं. उत्तर मिळालं की पुन्हा 'का?'. असं मुळाशी पोचेपर्यंत! आणि मॅडम, हे नुसतं पुस्तकी नाही. या क्षणी माझ्या घरात..."

पंखा थांबला. दिवा गेला. पडद्यावरच्या मॅडम तोंड उघडं ठेवून गोठल्या.

दार किलकिलं झालं आणि मेव्हणा पोटावर सरपटत आत आला.

"अरे, काय चाललंय काय?" नियोजनराव कुजबुजले.

"बोलू नका भाऊजी, वेळ जातो!" त्याने मोबाइल जोडला. मॅडम पुन्हा हलू लागल्या, आणि नेमका त्याच क्षणी बाल्कनीत जनरेटर धडाडला. सासऱ्यांनी शब्द पाळला होता! काळा धूर खिडकीतून थेट खोलीत घुसला. नियोजनराव खोकत खिडकी लावायला उठले. दाराखालून धूर बाहेर आलेला बघताच बायको बादली घेऊन धावली, दार उघडलं आणि विचारण्यात वेळ न घालवता सगळं पाणी फेकलं!

मेव्हण्याने लॅपटॉपवर आडवं पडून तो वाचवला. नियोजनरावांना वाचवायला कोणी नव्हतं.

डोळ्यांत पाणी गेलेलं, दिसेना काही. त्यांनी चाचपडत दारावरचा टॉवेल ओढला, तोंडावर घेतला आणि जागीच थबकले. टॉवेल आधीच ओला होता.

"थांबा," पडद्यावरून मॅडमचा आवाज आला. "सगळे जरा समोर या बघू. वीज का गेली?"

"मी घालवली," सासरे अभिमानाने म्हणाले.

"का?"

"दारावर लाल टॉवेल दिसला."

"तो दारावर का होता?"

सासऱ्यांनी मेव्हण्याकडे बघितलं, मेव्हण्याने बहिणीकडे आणि तिने नवऱ्याकडे. नियोजनरावांच्या शर्टातून पाणी टपकत होतं.

"मी... अंघोळ झाल्यावर टाकला," ते पुटपुटले. "घाईत हाच हाताला लागला."

"पण अंघोळीचा ओला टॉवेल दारावर का?"

व्यवस्थापनाच्या एवढ्या जाडजूड पुस्तकांत याचं उत्तर कुठेही नव्हतं.

"मॅडम," बायको कॅमेऱ्यासमोर सरकली. "लग्न झाल्यापासून मी हेच विचारतेय हो!"

गंभीर चेहऱ्याचे सर अचानक खुर्चीसकट पडद्याबाहेर गेले. फक्त त्यांचं हसणं ऐकू येत राहिलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या घरीही दारं होती.

"घरच्यांनी योजना तंतोतंत राबवली, त्यामुळे तुम्ही पास," त्या म्हणाल्या. नियोजनराव आनंदाने किंचाळणार, एवढ्यात मॅडमनी बोट वर केलं. "एका अटीवर. पुढचा उपाय सांगा आणि जबाबदार कोण तेही."

"टॉवेल... रोज दोरीवर वाळत घालायचा," नियोजनराव हात जोडून म्हणाले. "जबाबदार मी."

"मॅडम, हे रेकॉर्ड होतंय ना?" बायकोने विचारलं. "मला एक कॉपी पाठवाल?"

नियोजनरावांना पदवी मिळाली, खुर्चीही मिळाली. पदवी कपाटात कुठेतरी आहे. घरी कोणी आलं की बायको दाखवते ते रेकॉर्डिंग!