कॉमासकट मुकुंदराव

इरा, चिन्मय, तुमच्या पत्रांना उत्तर उशिरा येतं याचा दोष टपालखात्याला देऊ नका. दोष शेजारच्या मुकुंदरावांचा आहे.

हा गृहस्थ विरामचिन्हांसकट बोलतो. "वहिनी कॉमा चहा आहे का क्वेश्चन मार्क." सव्वीस वर्षं ते इथल्या एका इंग्रजी दैनिकात प्रूफं तपासत होते. त्यांचे जोडीदार ख्वाजामियाँ मूळ मजकूर मोठ्याने वाचत, कॉमा-फुलस्टॉपसकट, आणि मुकुंदराव छापील कागदावर पेन्सिल फिरवत. ती सवय नल्लकुंट्यातल्या माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आली आहे.

यंदा त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले. प्रूफांची खोली बंद झाली. ख्वाजामियाँ बीदरला मुलीकडे गेले. मुकुंदरावांना सांगितलं गेलं, तीन महिन्यांत टायपिंगची परीक्षा द्या, पडद्यावर पान लावायला शिका, नाहीतर घरी बसा.

झालं! सकाळी अकरा ते बारा ही माझी तुम्हाला पत्रं लिहायची वेळ. त्यांची ड्यूटी दुपारची, म्हणून ती त्यांनी माझ्या टाइपरायटरसकट बळकावली. एक ओळ टाइप करायची आणि माझ्याकडे बघत बसायचं.

"आता काय?"

"वाचा ना."

"तुमचं तुम्ही वाचा. तिथे कोण वाचून दाखवणार आहे?"

"नक्को वहिनी. आपलं लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं."

मग तव्यावर पोळी करपायची आणि मी त्यांनी सरावाला घेतलेलं मंत्र्यांचं भाषण वाचायची. एक कॉमा गाळला की पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी वैतागून म्हणाले, "परीक्षा तुमची आहे की माझी?"

ते शांतपणे म्हणाले, "क्वेश्चन मार्क राहिला."

गेल्या आठवड्यात ते पास झाले. सुटले मी एकदाची, असं वाटलं. काल अकराला पुन्हा दारात!

"आता आणखी काय?"

"ख्वाजामियाँना पत्र टाइप केलंय. चूक नको जायला."

एक प्रत त्यांनी मला दिली, कार्बनची स्वतःपुढे ठेवली. मी भराभर वाचायला लागले, तर त्यांनी हात वर केला. "असं नाही, वहिनी."

पत्र इंग्रजीत होतं, तुम्हाला मराठीत सांगते. मी वाचलं, "प्रिय ख्वाजामियाँ कॉमा मी पास झालो फुलस्टॉप आता पान मीच लावतो कॉमा मीच वाचतो फुलस्टॉप दिवसभर कुणाचा आवाज ऐकू येत नाही..."

मी थांबले. मुकुंदराव मान खाली घालून बसले होते. पेन्सिल त्या ओळीच्या शेवटी टेकलेली.

"फुलस्टॉप," मी म्हणाले.

पेन्सिल पुढे सरकली.