सेल-वाळवणीचा अहवाल

काम न करणाऱ्या यंत्रालाही वीज लागते, हे सत्य सरकारी कर्मचाऱ्याइतकं सहज दुसऱ्या कुणाला पटत नाही.

नागपुरात सदर भागातल्या ग्रामीण रेडिओ कार्यशाळेतले चंपतराव नऊ वर्षांपासून हंगामी मेकॅनिक होते. (हंगाम कोणता, ते आदेशात नव्हतं.) गावोगावच्या पंचायतींना द्यायचा ट्रान्झिस्टर गप्प असतानाही चौदा मिलीअँपिअर करंट पितो, हे त्यांच्या डोळ्यांत खुपे. एक्काहत्तरच्या मार्चात त्यांनी त्याचं सर्किट बदलून तो आकडा तीनवर आणला. त्यामुळे आवाज हळू ठेवला की बातम्या देणारी बाई किंचित घोगरी व्हायची, पण घोगरेपणाचा रकाना फॉर्मात नव्हता.

कार्यशाळेच्या समितीने चाचणी ठरवली. जुना सेट आणि नवा सेट, दोन्हींत सारखे सेल घालून चंपतरावांच्या वाडीतल्या खोलीत रोज सहा तास वाजवायचे. नवा टिकला तर चंपतराव कायम.

जुना एकोणिसाव्या दिवशी मेला. नवा साठाव्या दिवशीही गात होता. समितीचे अध्यक्ष गणपतराव सदस्यांना जीपमध्ये घालून पाहणीला आले, चहा प्यायले आणि चंपतरावांच्या बायकोला, सिंधूताईंना, सहज म्हणाले, "वहिनी, या सेलांचं तुम्ही काही करता का?"

"करायचं काय जी? दुपारी कुरड्या वाळत घातल्या का सेलबी ठेवतो उन्हात. सगळेच ठेवतात."

समितीने एकमेकांकडे पाहिलं.

"साहेब," चंपतराव घाईने म्हणाले, "जुन्या सेटचे सेलबी तिनं उन्हातच ठेवले होते. तरी तो मेलाच न!"

"ते सावलीकडे असतील," गणपतराव म्हणाले, आणि ते असतील म्हणून लिहिलंही गेलं.

अहवालाचा निष्कर्ष : बचत सर्किटामुळे नसून नागपूरच्या उन्हामुळे होते, ऊन शासनाकडे मुबलक आहे. सबब सेल-वाळवणी विभाग स्थापावा, व अनुभवी म्हणून चंपतरावांना त्यावर कायम निरीक्षक नेमावं. अट एकच, त्यांनी निष्कर्षावर सही करावी.

चंपतरावांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"काहून थांबले? करा न जी सही," सिंधूताई म्हणाल्या. "रेडिओ त तसाबी वाजूनच राहिला."

त्यांनी सही केली. नवं सर्किट फायलीत गेलं. तिथे ते शून्य मिलीअँपिअर घेतं, म्हणजे अजून सुधारलं.

विभाग आता गच्चीवर आहे. कावळे हाकलायला दोन माणसं, सेल फार तापू नयेत म्हणून तीन कूलर, आणि कूलर चालू आहेत हे कळावं म्हणून दिवसभर एक दिवा. विजेच्या बचतीत कार्यशाळा जिल्ह्यात पहिली आली.

वाचकांना हे वाचून हसू येईल. जरूर हसावं. फक्त त्याआधी आपल्या खिडकीत ऊन खात ठेवलेले दोन सेल परतून घ्यावेत. दर तासाला परतावेत, असा चंपतरावांचा नियम आहे.