भिसे सरांचं भांडण

डॉक्टर लोक म्हाताऱ्या पेशंटला आधी शुगर विचारतात, मग बीपी. आमचे भिसे सर खाटेजवळ स्टूल ओढतात, पेशंटचे पाय पांघरुणातून बाहेर काढतात आणि विचारतात, "काय तात्या, तुमचं भांडण कुणाशी हाय?"

भिसे सर आमच्या बारामतीच्या हॉस्पिटलातले फिजिओथेरपिस्ट. पन्नाशी उलटलेली, खिशावर कायम चहाचा डाग, चालताना स्वतःच थोडे पाय ओढतात. हा माणूस दुसऱ्याला चालायला शिकवतो यावर नव्या नातेवाइकांचा विश्वास बसत नाही. मी त्याच वॉर्डात सिस्टर. माझी नोकरी संपत आली आणि गुडघे तिच्याही आधी संपले. तेव्हा मी जे काही सांगते ते जरा कुरकुरत सांगते, हे समजून घ्या.

आमच्याकडे येतात ती बहुतेक मोरीत नाहीतर अंगणात पडलेली म्हातारी माणसं. खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन झकास होतं, हाड जुळतं, माणूस मात्र उठत नाही. चार दिवस झोपून काढले की मांड्यांतलं बळ जातं, मग अन्नावरची वासना जाते, मग तो भिंतीकडे तोंड करतो. घरचेही प्रेमळ. राहू द्या हो सिस्टर, जन्मभर कष्ट केलेत, आता पडू द्या निवांत. प्रेमाने भरवतात, प्रेमाने कूस बदलतात आणि प्रेमानेच माणसाला खाटेला खिळवून टाकतात. इतक्या वर्षांत हे इतक्यांदा पाहिलं की आता मला रागसुद्धा येत नाही. नुसता थकवा येतो.

भिसे सरांना मात्र अजून राग येतो, आणि तो पेशंटलाही यावा अशी त्यांची खटपट असते. "राग आला? मग पाय खाली टाका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांचा पहिला हुकूम कवळीचा. हरवेल म्हणून घरचे कवळी, चष्मा, कानाचं मशीन कपाटात ठेवून येतात आणि मग आम्हाला सांगतात की आबा हल्ली काही बोलतच नाहीत. सर त्यांना आल्या पावली परत पाठवतात. कवळीच नाही तर माणूस भांडणार कसा, असं त्यांचं म्हणणं.

लासुर्ण्याचे बाबूराव आले होते. वॉकर दिसला की डोळे मिटून घ्यायचे. सरांनी त्यांचं भांडण विचारून घेतलं. धाकट्या भावाशी, बांधावरून. दुसऱ्या दिवशी सर सहज बोलल्यासारखे बोलून गेले की तुमच्या बांधाला कुणाचा तरी ट्रॅक्टर उभा आहे म्हणे. बाबूरावांचे डोळे उघडले. कुणाचा ट्रॅक्टर, कुठल्या अंगाला, नांगर लावलाय का? सर म्हणाले, मला काय माहीत, तुम्हीच जाऊन बघा. बाबूराव वॉकर धरून उभे राहिले आणि चपला मागू लागले.

ते कॉरिडॉरभर फिरायला लागले, तेवढ्यात तो धाकटा भाऊ भेटायला आला. हातात डबा, डोळ्यांत पाणी, झालं गेलं विसरा म्हणायच्या तयारीत. सरांनी त्याला जिन्यातच गाठलं आणि हात जोडले. समेट करा, जरूर करा, पण डिस्चार्ज झाल्यावर करा. बिचारा डबा माझ्याकडे देऊन खालच्या खाली परत गेला. बांध जागच्या जागी होता, हे वेगळं सांगायला नको.

प्रत्येक डाव साधतोच असं नाही. माळेगावच्या एका आजींना सरांनी सांगितलं की सुनेनं म्हैस विकायला काढलीय. आजी रागावल्या नाहीत, रडायला लागल्या. दिवसभर तोंडात घास घेतला नाही. शेवटी सुनेला गोठ्यात उभं करून व्हिडिओ कॉलवर म्हैस दाखवावी लागली, तेव्हा कुठे आजी जेवल्या. मोठ्या डॉक्टरांनी त्या दिवशी सरांना चांगलंच झापलं आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. सर खाली मान घालून म्हणाले, "म्हशीच्या वाटंला जायला नको हुतं."

मग जळोचीची आत्या आली.

आत्या म्हणजे पोपटची आत्या, पण दोन दिवसांत साऱ्या वॉर्डची झाली. अंगणात पडलेली, मुठीत मावेल एवढी बाई. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, जळोचीत स्वतःचं दोन खोल्यांचं घर. पोपट हा तिचा भाचा, कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतो. त्याने मला बाजूला घेतलं, पण आवाज काही बाजूला घेतला नाही. "सिस्टर, मी ट्रॅक्टरवर, बायको कंपनीत. आत्या आपली आपण मोरीपातुर गेली तर दोन टाइम यिऊन बघीन, डबा आणीन. न्हायतर आश्रमाबिगर इलाज न्हाय." पोरगा वाईट नव्हता, दमलेला होता. दमलेली माणसं मी लांबून ओळखते. आत्याने सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

सरांनी स्टूल ओढून आपला प्रश्न विचारला. आत्या भिंतीकडे बघतच बोलली. "भांडायला माणूस लागतं, बाबा. जाऊ हुती तवर नळावरनं, अंगणावरनं, रोज व्हायचं. ती गेली आन् घरातला आवाजच गेला."

सरांनी स्टूल जागेवर सरकवलं. मग त्यांनी ठरवलं की आता आपणच शत्रू व्हायचं. दुसऱ्या दिवशी आत्याच्या देखत तिचा चहा उचलून पिऊन टाकला. आत्या म्हणाली, पी बाबा, दमला असशील. रिकामा कप घेऊन सर ड्यूटी रूममध्ये आले आणि हिच्यापुढं आपलं काही चालत न्हाय म्हणून खुर्चीत बसले. त्यांना हरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. तिकडे पोपट एका आश्रमात जाऊन चौकशीसुद्धा करून आला होता.

एका दुपारी आत्याची समजूत काढता काढता सरांची जेवायची वेळ टळली. तिथेच स्टुलावर बसून त्यांनी डबा उघडला. आत भाकरी होती. एका बाजूने काळी, दुसऱ्या बाजूने कच्ची, कडा फाटलेल्या. आत्याने मान वळवून पाहिलं. हे काय आहे म्हणून विचारलं. सर म्हणाले, भाकरी. कुणी केली? मी केली. आत्या कोपरावर उठली.

"पाणी गार घातलंस व्हय? पिठाची विरी गेलीया, चिकटपणा ऱ्हायला न्हाय, आन् वरनं गार पाणी?"

भाकरीला गारच पाणी लागतं, असं सर ठामपणे म्हणाले. आत्याचे पाय खाटेवरून खाली आले. मी बीपीचं मशीन हातात धरून तशीच उभी राहिले.

"राग आला?" सरांनी हळूच विचारलं.

"यील न्हाय तर काय? ज्वारीचं वाटुळं केलंस."

त्या दिवसापासून रोजचं सुरू झालं. सर भाकरी आणायचे, आत्या उठून बसून तिचा पंचनामा करायची. सर एक शब्द मागे घेत नसत. जाड भाकरी अंगी लागते म्हणायचे, करपलेली पचायला बरी म्हणायचे. शेवटी आत्याच म्हणाली, चल, दाखवते तुला. आमची पँट्री कॉरिडॉरच्या टोकाला, संडासाच्याही पुढे. मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सोबत दोघं राहा आणि मला भाकरीचा वास येऊ देऊ नका. आत्या वॉकर सरकवत निघाली, मध्ये खुर्चीवर टेकली, पुन्हा निघाली. सर मागून तिच्या कमरेला बांधलेला पट्टा धरून वाद घालत होते. ओट्याला टेकून तिने एकच भाकरी थापली. टम्म फुगली. सरांनी ती उभ्या उभ्या खाल्ली आणि जरा पातळच झाली म्हणाले. आत्याने वॉकर उचलला.

परत येताना ती कुणाला न विचारता संडासाकडे वळली. कॉरिडॉरमध्ये पोपट धुळीने भरलेल्या कपड्यांनी उभा होता. त्याने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. डिस्चार्जच्या आधी त्याने जळोचीच्या मोरीत धरायला दांडी बसवून घेतली.

आत्या घरी गेली त्या दुपारी मी सरांना म्हटलं, नाटक मस्त केलंत, भाकरी करपवण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. सर डब्याचं झाकण लावत होते.

"नाटक कुठलं, सिस्टर. मला एवढीच येती."

त्यांची बायको गेली तेव्हा मी भेटून आले होते. तेव्हापासून ते ड्यूटी रूममध्ये आमच्याकडे पाठ करून जेवतात, आणि आम्हाला वाटायचं माणूस लाजाळू आहे. मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. तुमचं भांडण कुणाशी, सर? ते म्हणाले, ओला टॉवेल पलंगावर टाकतो म्हणून ती रोज भांडायची. आता टॉवेल दिवसभर तिथंच पडलेला असतो, कुणी काही म्हणत नाही.

पुढच्या एका रविवारी मी आत्याला बघायला जळोचीला गेले. ती वॉकर धरून दारात उभी होती, पण माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं, रस्त्याकडे होतं. थोड्या वेळाने सरांची स्कूटर आली.

"कुठं उलथला हुतास? आधण ठिवलेलं आटून गेलं."

सर म्हणाले, आटू दे, गार पाणीच बरं. आत्याने त्यांना हात धुवायला लावले आणि परातीपुढे बसवलं. तिच्या देखरेखीखाली थापलेली भाकरी तव्यावर टाकताना मोडली. मग जे सुरू झालं ते ऐकून शेजारीण डोकावून गेली. मला चहा कुणी विचारला नाही, आणि मीही थांबले नाही. चपला घालून गुडघे सांभाळत रस्त्यापर्यंत आले, तरी त्या घरातला आवाज ऐकू येत होता.