दंतवैद्यांचा पहिला कॅमेरा

उत्तम छायाचित्र काढायला नेमकं काय लागतं, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. मात्र ते न काढायला उत्तम कॅमेऱ्याचा शोध पुरेसा असतो, यावर सर्वांचं एकमत आहे.

आमच्या ओळखीचे एक दंतवैद्य हा शोध आठ महिने निष्ठेने घेत होते. माणसांचे चेहरे टिपायचे, जमल्यास मॉडेलांचेही (मॉडेल ही माणसांतलीच, पण हनुवटी वर धरणारी जात), असा त्यांचा संकल्प होता. दिवसभर तोंडात डोकावणाऱ्याला कधीतरी ते बाहेरूनही बघावंसं वाटलं, तर त्यात गैर काही नाही.

संशोधन शास्त्रशुद्ध होतं. "कॅमेऱ्याचा सेन्सर लहान घ्यावा की मोठा?" असं विचारून ते रुग्णाच्या तोंडात आरसा घालत. सत्तर टक्के रुग्णांनी "आँ" असं मत दिलं. ते मोठ्याच्या बाजूने धरण्यात आलं. उरलेल्यांनी चूळ भरली (मतं बाद). शिवाय जाणकार होतेच. एक म्हणाला, बॉडी साधी घ्या, पैसा लेन्सवर घाला. दुसरा म्हणाला, लेन्स काय, पुढे बदलता येते. तिसरा म्हणाला, कॅमेऱ्यावर काही नसतं हो, नजर लागते; आणि गळ्यातल्या दोन कॅमेऱ्यांपैकी एकालाही त्याने हात लावू दिला नाही.

हे असंच सुखाने चाललं असतं. पण बायकोच्या धाकट्या बहिणीला मॉडेल व्हायचं होतं. वर्षातून एकदाच नवे चेहरे घेणाऱ्या एका जाहिरात संस्थेने गुरुवारी रात्रीपर्यंत तिचे तीन फोटो मागवले होते, आणि ते जिजाजी काढणार, असं तिने भाबडेपणाने गावभर सांगून ठेवलं होतं.

"जिजाजी, तुमचा कॅमेरा येईपर्यंत मला आजीची कामं मिळायला लागतील!"

"अगं, अशा गोष्टी घाईने ठरवत नाहीत."

"माझ्याशी लग्न ठरवायला बरी दहा मिनिटं पुरली!" आतून बायको म्हणाली.

त्यातूनच धडा घेतलाय, असं दंतवैद्य मनातल्या मनात म्हणाले. (म्हणून ते अजून विवाहित आहेत.)

गुरुवारी दुपारी कॅमेरा आला: नवशिक्यांसाठीचा, सोबत मागचं सगळं धूसर करणारी लेन्स. दवाखान्यातच खिडकीशी पांढरा पडदा लावला. मेहुणी छान हसली. दंतवैद्यांनी फोकस केला आणि कॅमेरा खाली ठेवला.

"काय झालं?"

"खालची डावी, शेवटून दुसरी. किडलीय."

"फोटोत कुठे दिसतेय ती?"

"मला दिसतेय ना!"

इंजेक्शन, कोरणं, भरणं. दाढ आदर्श झाली. मात्र बधिर झालेली डावी बाजू रात्रीपर्यंत ताळ्यावर येणार नव्हती, आणि खिडकीतला उजेड चालला होता.

"दिदादी, आता माधं तसं होनाल?" मेहुणी रडकुंडीला आली.

"काही होत नाही. हस."

ती हसली. म्हणजे उजवी बाजू हसली. डावीने विचार करून सांगते असं कळवलं. तेच तीन फोटो गेले.

सोमवारी उत्तर आलं. निवड झाली होती. 'अर्ध्या ओठात आनंद आणि अर्ध्यात विरक्ती,' संस्थेने लिहिलं होतं, 'हा भाव हल्ली मिळत नाही.'

"जिजाजी, कॅमेरा काय भारी आहे हो!" मेहुणी नाचत म्हणाली.

"आठ महिने उगीच नाही घातले," दंतवैद्य नम्रपणे म्हणाले.

आता दवाखान्याबाहेर होतकरू मॉडेलांची रांग असते. एका बाजूला इंजेक्शन दिलं की पोर्ट्रेट, दोन्ही बाजूंना दिलं की फॅशन (चेहऱ्यावर कोणताच भाव उरत नाही, मागणी याला जास्त). दाढ भरून घेणं ऐच्छिक आहे.

आणि इंजेक्शन घेऊन, ओठ सावरत बाहेर पडणारा प्रत्येक जण दारात थबकून एकच प्रश्न विचारतो: कॅमेरा कुठला?

ते नाव इथे दिलेलं नाही. आपण ते पहिल्या परिच्छेदापासून शोधत आहात, आणि नजरचुकीने सुटलं असेल म्हणून आता पुन्हा वरून वाचणार आहात, याची कल्पना आहे. अवश्य वाचा. आपला शोध चालू आहे, तोवर आपल्या घरच्यांच्या चेहऱ्यांना धोका नाही.