सावली पडली, दुखलं काय?

दत्तोपंत मास्तरांच्या घरी गेलेल्याला चहा मिळायचा, पण त्याआधी पृथ्वी व्हावं लागायचं.

बदनापूरच्या शाळेत मी गणित शिकवायचो आणि ते विज्ञान. घरं लागून, त्यामुळे पृथ्वीचं काम बहुधा माझ्याच गळ्यात पडे. मला माजघरात तिवईवर बसवायचे, समोर कंदिलाचा सूर्य, आणि मधून कवठाचा चंद्र फिरवत स्वतः मास्तर. कवठाची सावली माझ्या नाकावर आली की ओरडायचे, "पडली सावली! आता सांगा गणितवाले, दुखलं काय?"

"न्हाई."

"बिलकुल न्हाई! मंग भ्यायचं कशाला?"

निजामाच्या राज्यात विज्ञानाची किताब उर्दूत. मास्तर डोळ्यांनी उर्दू वाचत आणि तोंडानं मराठी बोलत. पोहरा पाण्यात हलका आणि वर आला की जड का, हे शिकवायला ते अख्खा वर्ग विहिरीवर नेत आणि त्याच निमित्तानं घरचं पाणीही भरून घेत. मग विहिरीच्या कडेचे थर दाखवत. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. "हा पाषाण एके काळी गुळाच्या पाकावानी वाहत व्हता," असं म्हणून पाच मिनिटांत कुठून तरी ग्रहणावर येतच.

एकदा तहसिलीतले पेशकारसाहेब काही कामानिमित्त घरी आले, तर मास्तरांनी त्यांनाच चंद्र केलं. "जल्दी चला साहेब, महिना सरून राह्यला!" साहेब शेरवानी सावरत माझ्याभोवती तीन फेऱ्या मारून धापा टाकत बसले. मास्तरांची बदली झाली नाही, ही देवाची कृपा.

मला हे निव्वळ वेड वाटायचं. एकच दळण किती दिवस दळायचं!

मग खरंच सूर्यग्रहण आलं. मास्तरांची लेक कमळ पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मास्तरांनी जाहीर केलं की ती अंधाऱ्या खोलीत कोंडून बसणार नाही. अंगणात बसेल आणि ज्वारीच्या चाळणीतून जमिनीवर पडणारं ग्रहण पाहील. सोवळंओवळं विसरून अर्धी गल्ली जमली. मीही गंमत बघायला गेलो, याची आज लाज वाटते.

रस्त्यावर 'दे दान, सुटे गिराण' सुरू झालं. कमळ उठली, तशी तिची आई उंबऱ्यात आडवी आली. इतकी वर्षं शेजारी राहून अनसूयाबाईंचा आवाज मी धड ऐकला नव्हता.

"म्या तवा गिराणात भेंडी चिरल्ती," त्या म्हणाल्या. "पोटात थोरला व्हता. फाटक्या ओठाचा जल्मला. त्याला दूध वढता येईना. आठ दिवसांत गेला. लेकीला मी बाहेर येऊ देणार न्हाई."

मास्तरांचं सगळं शिकवणं कुणासाठी चाललं होतं, ते मला तेव्हा कळलं. मी नुसता तिवईवर बसायचो. शिकायचं होतं ते या बाईनं.

मास्तर उंबऱ्यापाशी गेले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "ऐक. सावलीनं ओठ फाटत न्हाई. तुझी चूक न्हवती."

"मंग कुणाची?"

या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असे.

"मला माहीत न्हाई," ते म्हणाले. "पर तुझी न्हाई."

बाई तिथेच खाली बसल्या आणि रडल्या. इतक्या वर्षांत कुणासमोर त्या रडल्या नसाव्यात. मग पदरानं तोंड पुसून उठल्या, मास्तरांच्या हातातली चाळणी घेतली आणि अंगणात जाऊन उन्हात धरली. जमिनीवर सूर्याच्या बारक्या बारक्या कोरी उमटल्या.

"कमळे, ये," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळ बस."

कमळ जाऊन बसली. मास्तरांनी कुणाला काही समजावून सांगितलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.