डंकनसाहेबांच्या रायफलीचं माप

"रायफलीतलं आपल्याला विचारा!" सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, लाक्साच्या तिखट रश्शाच्या वाडग्यावरून निशिकांत बोलून गेला आणि तिथेच फसला. "आमचे आजोबा म्हणजे नावाजलेले शिकारी!"

खरं तर आजोबांनी उभ्या जन्मात एकच रानडुक्कर उसातून हुसकावलं होतं, तेही पत्र्याचा डबा बडवून. पण समोर बसलेले डंकनसाहेब एकदम खूश झाले! डंकनसाहेब म्हणजे बँकेतल्या त्याच्या विभागाचे प्रमुख. लवकरच रिटायर होऊन मायदेशी न्यूझीलंडला जाणार, तिथे हरणांची शिकार करणार. आणि जाण्याआधी आपली खुर्ची कुणाला द्यायची, ते ठरवणार! त्या खुर्चीवर निशिकांतचा केव्हापासून डोळा होता. शेजारी बसून नूडल्स ओढणाऱ्या त्याच्या सहकाऱ्याचा, मुकुलचाही होता.

"मग सांग," साहेब म्हणाले, "कंपनीची तयार रायफल घेऊ, की कारागिराकडून बनवून घेऊ?"

"तयारच घ्या, सर," मुकुल मध्येच बोलला. "दुकानातून आणायची आणि बार काढायचा!"

मुकुल तयार म्हणाला म्हटल्यावर निशिकांतला दुसरा मार्गच उरला नाही.

"छे! बनवूनच घ्या, सर! सगळ्यांना बसतं ते कुणालाच धड बसत नाही!"

हे वाक्य मूळ त्याच्या बायकोचं, सुलेखाचं, आणि तेही ब्लाउजबद्दलचं. पण साहेबांना ते इतकं पटलं की त्यांनी न्यूझीलंडमधल्या कारागिराला तिथूनच फोन लावला. खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता किती लांब करायचा, त्यासाठी कारागिराने माप मागितलं: कोपराच्या आतल्या घडीपासून चाप ओढायच्या बोटापर्यंत.

"माप तूच घे," साहेब म्हणाले. "तुझ्या घराण्यातच आहे हे!"

संध्याकाळी पुंगोल भागातल्या घरी सुलेखा शिलाई मशीनवर बसली होती.

"टेप दे गं. डंकनसाहेबांचा हात मोजायचाय."

"शर्ट शिवतोयस त्यांना?"

"रायफल!" निशिकांत कुजबुजला. दुपारी बोलून गेला ते गेला; पण बंदुकीला कडक शिक्षा असलेल्या सिंगापुरात हा शब्द पुन्हा मोठ्याने उच्चारायची त्याची छाती नव्हती.

"मग माया ठेव थोडी! आपल्या लेकीचा, कादंबरीचा शाळेचा युनिफॉर्म मी कधी नेमक्या मापाचा घेते का? रिटायर झाल्यावर माणूस सुटतो. आणि सैल असलं तर आत घेता येतं, तोकडं झालं की संपलं!"

मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्या दिवशी काचेच्या मीटिंग रूममध्ये निशिकांतने साहेबांचा हात मोजला, आलेल्या मापात दोन इंच माया धरली आणि ईमेल ठोकला. तोवर ऑफिसभर बातमी फिरली, की तो साहेबांना निरोपाचा सूट शिवतोय! अकाउंट्समधली राधिका तर दारातच येऊन थांबली.

"आमच्या ह्यांचाही शिवशील का रे?"

"बघू," तो म्हणाला. रायफलीचं नाव काढण्यापेक्षा शिंपी झालेलं बरं!

रायफल तयार झाली. साहेब सुट्टी काढून डोंगरात गेले आणि परतले ते दंडावर काळंनिळं टेंगूळ घेऊन! आल्या आल्या त्यांनी निशिकांतला केबिनमध्ये बोलावलं.

"दस्ता काखेत अडकतो! बोट चापापर्यंत पोचेस्तोवर हरणाने मला बघितलं, चरून घेतलं आणि निघून गेलं. मग रागाने बार काढला, तो दणका दंडाला! कारागीर म्हणतो, दिलेल्या मापाचीच आहे. काय माप दिलंस तू?"

"सर, ते... वाढायला थोडी जागा ठेवली होती."

"मी साठी ओलांडली आहे, निशिकांत! आता मी कुठे वाढणार?"

निशिकांतला रडूच कोसळायचं बाकी होतं. तरी त्याने धीर करून विचारलं, "आणि सर, त्या खुर्चीचं?"

साहेबांनी दंड चोळला.

"इतकी वर्षं मी तुला त्या खुर्चीसाठी घडवत होतो. पण मुद्दाम घडवून घेतलेल्या मालावरचा माझा विश्वासच उडालाय. हेड ऑफिसातून तयार माणूस मागवलाय!"

बाहेर दाराला कान लावून बसलेल्या मुकुलचाही चेहरा पडला. निशिकांतला त्या दिवशी मिळालेलं समाधान ते एवढंच.